श्रद्धा, शास्त्र आणि सनद

भुसावळच्या एखाद्या मंडळीतली बी.ए. झालेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. संडे स्कूल घेते, आजारी माणसांना भेटायला जाते, बायका तिच्याजवळ मन मोकळं करतात. ती पाळकांना विचारते, "मला समुपदेशन शिकायचंय, पण ख्रिस्ती दृष्टीने शिकायचंय. कुठे जाऊ?" तिला साधारण तीन उत्तरं मिळतात. कोणी म्हणतं सेमिनरीत जा, कोणी म्हणतं सायकॉलॉजीत एम.ए. कर, आणि कोणाला तरी आठवतं की वेल्लोरला काहीतरी कोर्स असतो. तिन्ही उत्तरं अर्धी बरोबर आहेत. मान्यताप्राप्त, ख्रिस्ती पायावर उभी आणि मराठीत शिकवली जाणारी अशी एकच पदव्युत्तर पदवी तिला घराजवळ मिळणार नाही. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा कराव्या लागतात, आणि कोणती आधी मिळवायची यावर तिची पुढची वीस-पंचवीस वर्षं अवलंबून असतात.

हा प्रश्न भुसावळात पडणं साहजिक आहे. गाव रेल्वेने वाढवलेलं. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गोव्याकडचे आणि दक्षिणेकडचे कर्मचारी यांच्यासोबत इथे निरनिराळ्या पंथांची चर्चं आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी मिशनने वऱ्हाड-खानदेशात काम सुरू केलं, आणि अकोला, भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव या पट्ट्यात मराठी मंडळ्या उभ्या राहिल्या. पलीकडे पश्चिम खानदेशात नवापूर-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन होतं. त्याच भागातलं चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आज इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन चालवते. राज्यात ख्रिस्ती लोक थोडे, २०११च्या जनगणनेत सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. पण शाळा आणि दवाखाना या दोन वाटांनी त्यांची सेवा नेहमीच आपल्या मंडळीच्या भिंतींपलीकडे पोचली. समुपदेशन त्याच रांगेत पुढचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

गरज किती आहे ते इथल्या माणसांकडे पाहून कळतं. रेल्वेच्या रनिंग स्टाफची झोप कधी दिवसा, कधी रात्री, तीही निम्मी रनिंग रूममध्ये. घरी बाई एकटी मुलं सांभाळते. दीपनगरचं वीज केंद्र, आयुध निर्माणी, सगळीकडे पाळ्या. रावेर-यावलकडे केळीवर कर्ज काढलेला शेतकरी वाऱ्या-वादळाकडे डोळे लावून बसलेला. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य सरकारने २०१५मध्ये 'प्रेरणा' प्रकल्प आणला, पण तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी. जळगाव-धुळे त्या यादीत नव्हते. बंगळूरच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ राज्यं होती, त्यांत मध्य प्रदेश आणि गुजरात होते, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे खानदेशाच्या दोन्ही शेजाऱ्यांची मोजणी झाली, आपली राहिली. त्या सर्वेक्षणाने सांगितलेली गोष्ट मात्र इथेही लागू पडावी: निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. अशा वेळी माणूस आधी जातो तो आपल्या पाळकाकडे, फादरकडे, नाहीतर प्रार्थनेला येणाऱ्या एखाद्या ताईकडे. त्यांना शिकवलेलं असतं उपदेश करायला. ऐकायला शिकवलेलं असतंच असं नाही.

या शिक्षणाची मुळं महाराष्ट्रात जुनी आहेत, हे फारसं कोणी सांगत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचलेल्या, घरातून टाकलेल्या बायका-मुलींना आणलं तेव्हा नुसती भक्ती शिकवली नाही. काम, अक्षरओळख, सोबत आणि प्रार्थना हे सगळं एकाच दिवसक्रमात बसवलं. आज ज्याला पुनर्वसन म्हणतात ते हेच. पुढे क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. १९२०च्या दशकात त्यांनी नागपाड्यात नेबरहुड हाउस काढलं, आणि १९३६मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं तेव्हा ते तिचे पहिले संचालक झाले. १९४४पासून ती संस्था टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखली जाते. देशातलं व्यावसायिक समाजकार्याचं पहिलं शिक्षण एका मिशनऱ्याने उभं केलं आणि ते सर्वांसाठी खुलं, शास्त्रशुद्ध ठेवलं. त्याला लाभलेली प्रेरणा त्याने दारावर पाटी करून टांगली नाही. ख्रिस्ती दृष्टी कशी असावी याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

दुसरी वाट मुंबईत जन्मलेल्या फादर अँथनी डिमेलो यांची. हे येशूसंघी धर्मगुरू शिकागोच्या लोयोला विद्यापीठात मानसशास्त्र आणि पाळकीय समुपदेशन शिकून आले, आणि १९७०च्या दशकात त्यांनी पुण्यात 'साधना' संस्था सुरू केली. ती पुढे लोणावळ्याला गेली. ध्यान, समूहात बसून स्वतःकडे पाहणं, भारतीय साधनेचे संस्कार आणि ख्रिस्ती चिंतन यांचा तिथे मेळ घातला गेला. डिमेलो १९८७मध्ये वारले. ११ वर्षांनी, १९९८मध्ये, व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने त्यांच्या काही लेखनाबद्दल इशारा प्रसिद्ध केला. शिकू पाहणाऱ्या मुलीने हा प्रसंग लक्षात ठेवावा. मानसशास्त्र आणि श्रद्धा एकत्र आणली की कोणाची तरी हद्द ओलांडली जातेच, आणि मग दोन्हीकडून प्रश्न येतात.

हे प्रश्न जगभर विचारले गेले आहेत. अँटन बॉइसन या अमेरिकन पाळकाला स्वतःला मनोरुग्णालयात राहावं लागलं होतं. त्याने १९२५मध्ये वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणलं. ग्रंथांइतक्याच काळजीने जिवंत माणसं वाचायला शिका, हा त्याचा आग्रह होता. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सही आधी न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत दोन वर्षं शिकला आणि मग मानसशास्त्राकडे वळला. १९६५मध्ये कॅलिफोर्नियाच्या फुलर सेमिनरीने मानसशास्त्राचं स्वतंत्र विद्यालय काढलं, दोन्ही विषय एकत्र शिकवण्यासाठी. उलट १९७०मध्ये अमेरिकन पाळक जे ॲडम्स यांनी पुस्तक लिहून सांगितलं की पाळकाला पवित्र शास्त्र पुरेसं आहे, मानसशास्त्राकडून काही उसनं घ्यायला नको. आपल्याकडच्या अनेक मंडळ्यांत ॲडम्स यांचं नाव कोणाला माहीत नसतं, पण त्यांचा विचार मात्र व्यासपीठावरून नेहमी ऐकू येतो.

त्या विचाराला माझं उत्तर पवित्र शास्त्रातूनच आहे. एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. बोलणं फार पुढे येतं. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले तोवर त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं ते तोंड उघडल्यावर, कारण त्याच्या दुःखाचं कारण आपल्याला कळलंय अशी त्यांची खात्री होती. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं देवाकडे केलेल्या तक्रारी आहेत. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला आहे, तो मोडतो, त्याला क्षमेची गरज असते, आणि एकट्याने बरा होत नाही: ख्रिस्ती दृष्टीची ही चार गृहीतकं घेऊन कोणी मानसशास्त्राच्या वर्गात बसला तर त्याला तिथलं फार थोडं टाकावं लागेल.

आता प्रत्यक्ष वाटा. सेमिनरीची वाट लांब आहे. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८मध्ये बंगालमध्ये काढलेल्या श्रीरामपूर (सेरामपूर) कॉलेजला १८२७मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली आणि १९१८च्या कायद्याने तिथल्या सिनेटची घडी बसली. देशातल्या बऱ्याच सेमिनऱ्यांचे विद्यार्थी याच सिनेटच्या पदव्या घेतात. आधी धर्मशास्त्रातली बी.डी., मग दोन वर्षांची एम.टीएच.; त्यात पाळकीय सेवा आणि समुपदेशन हा विषय काही ठिकाणी घेता येतो, बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज त्यातलं एक. खानदेशाला जवळची म्हणजे युनियन बिब्लिकल सेमिनरी. ती यवतमाळला होती, १९८३मध्ये पुण्याला बिबवेवाडीत गेली. पाळक व्हायचं असेल, मंडळीत राहूनच हे काम करायचं असेल, तर ही वाट सरळ आहे. पण फक्त समुपदेशनासाठी कोणी इतकी वर्षं धर्मशास्त्राला द्यावीत, असं मी सुचवणार नाही.

इथे एक सावधगिरी. काही ख्रिस्ती संस्थांच्या समुपदेशनातल्या पदव्युत्तर पदव्यांना एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असते. शिक्षण चांगलं असू शकतं, शिक्षक तळमळीचे असतात. पण ही धर्मशिक्षण संस्थांची आपसातली मान्यता आहे. सरकारी किंवा अनुदानित नोकरीच्या अर्जात ती विद्यापीठाची पदवी म्हणून चालत नाही. हे प्रवेशाच्या वेळी ठळकपणे सांगितलं जायला हवं. दोन वर्षं आणि आईबापांची पुंजी खर्च झाल्यावर ते कळणं हा अन्याय आहे. परदेशी विद्यापीठांच्या ऑनलाइन ख्रिस्ती समुपदेशन पदव्यांचंही तसंच: इथे त्यांची समकक्षता मिळवावी लागते, आणि अमेरिकेत काम करायचं तर पदवीनंतर त्या-त्या राज्याचा परवाना लागतो, त्यासाठी देखरेखीखाली केलेल्या कामाचे तास लागतात.

विद्यापीठाच्या वाटेवर ख्रिस्ती संस्था कमी नाहीत. बंगळूरचं ख्राइस्ट विद्यापीठ सी.एम.आय. या कॅथलिक संघाचे धर्मगुरू चालवतात, तिथे समुपदेशन मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण मिळतं. संस्था ख्रिस्ती नसली तरी मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटही आहे; तिथल्या 'आयकॉल' या दूरध्वनी सेवेने २०१२पासून कितीतरी तरुण समुपदेशकांना कामाचा सराव दिला आहे. भुसावळहून बंगळूरला कर्नाटक एक्स्प्रेस थेट जाते, पण वसतिगृह आणि शुल्क मिळून रेल्वेतल्या साध्या पगारावर हे झेपणं कठीण. म्हणून इथली मुलं, विशेषतः लग्न झालेल्या बायका आणि नोकरदार, दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्रात एम.ए. करत. ती सोय आता बंद होत आली आहे. मानसशास्त्रासह आरोग्याशी जोडलेले काही विषय दूरस्थ वा ऑनलाइन शिकवू नयेत, असा आदेश विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून लागू केला. निर्णयामागचं कारण मला पटतं. माणसासमोर न बसता माणसाचं मन हाताळायला कोणी शिकू शकत नाही. पण त्याचा भार जळगाव-धुळ्यावर पडतो तितका पुण्यावर पडत नाही. म्हणून जवळच्या विद्यापीठाच्या कक्षेत, नियमित वर्गात बसून होईल ते एम.ए. आता अधिक मोलाचं झालं आहे.

कायदाही समजून घ्यायला हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही उपाधी १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशी बांधलेली आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची व्याख्या आहे, तिच्यात नुसता समुपदेशक बसत नाही. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने मात्र मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांना आपल्या यादीत घेतलं आहे. नोंदणीची यंत्रणा उभी राहते आहे. म्हणजे उद्या पाटी लावायची तर मान्य विद्यापीठाची पदवी लागणार, हे दिसतंच आहे. मागणीही वाढणार: जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा असा निर्देश दिला. खानदेशातल्या मिशनच्या शाळांनाही तो लागू आहे. या शाळांनी परगावचा माणूस शोधण्याऐवजी आपल्याच मुलींना शिकवून परत आणावं.

मग ख्रिस्ती दृष्टी कुठे शिकायची? माझ्या मते पदवीच्या जोडीने, छोट्या आणि कसून घेतलेल्या प्रशिक्षणांत. वेल्लोरच्या ख्रिस्ती समुपदेशन केंद्राने डॉ. बी. जे. प्रशांतम यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षं असं काम केलं. रुग्णालयांतल्या चॅपलनकडून, म्हणजे तिथे नेमलेल्या पाळकाकडून, दिलं जाणारं पाळकीय प्रशिक्षणही याच जातीचं. त्यात विद्यार्थी रुग्णाला भेटतो, आणि परत येऊन झालेलं बोलणं आठवेल तसं शब्दशः लिहितो. याला व्हर्बेटिम म्हणतात. मग मार्गदर्शकासमोर, बाकीच्या विद्यार्थ्यांसमोर, ते वाचायचं.

समजा, नोंद अशी आहे. मूल दगावलेली बाई म्हणते, "साहेब, मी रोज प्रार्थना करत होते, तरी हे झालं." विद्यार्थी म्हणतो, "ताई, देवाची काहीतरी योजना असेल. धीर धरा. आपण प्रार्थना करू या." बाई म्हणते, "हो साहेब." भेट संपते. विद्यार्थ्याला वाटतं, बरं झालं. मार्गदर्शक विचारतो: ती देवावर रागावली होती, तो राग तुझ्या उत्तरात कुठे गेला? तिने "हो साहेब" म्हटलं ते पटलं म्हणून, की तू थांबावंस म्हणून? प्रार्थना कोणाला हवी होती, तिला की तुला? वर्गात शांतता पसरते. मी अशा नोंदी वाचल्या आहेत, आणि माझं ठाम मत आहे की दोन वर्षांच्या व्याख्यानांतून जे साधत नाही ते अशा दहा नोंदींतून साधतं. प्रार्थना करू नये, असं यातून कोणी शिकत नाही. ती बाई जिथे उभी आहे तिथपर्यंत आधी पोचावं आणि मग, तिने मागितली तर, तिच्याच शब्दांतली प्रार्थना करावी, हे शिकतं.

छोट्या गावात याहून अवघड गोष्ट गुप्ततेची. मुंबईत समुपदेशक आणि माणूस पुन्हा भेटण्याची शक्यता कमी. भुसावळच्या कॉलनीत ते रविवारी एकाच बाकावर बसतात, ख्रिसमसच्या तालमीत एकत्र गातात. शिवाय आपल्या मंडळ्यांत एक सवय आहे: "अमक्या ताईच्या घरासाठी प्रार्थना करा, नवरा पितो." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्या ताईने मनातली गोष्ट ज्याला सांगितली त्याच्याकडून ती सगळ्यांसमोर गेलेली असते. ती पुन्हा कधी काही सांगत नाही. प्रार्थनेच्या विषयाखाली कोणाचं घर उघडं करायचं नाही, हा नियम ख्रिस्ती समुपदेशकाने पहिल्या दिवशी पाळकांकडून लिहून घ्यावा.

गुप्ततेलाही मर्यादा आहेत. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'मंडळीतच मिटवू' हा गुन्हा ठरतो. राज्याच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली भूत काढण्याच्या नावाने मारहाण करणं हाही गुन्हा आहे, मग ते कोणत्याही धर्माच्या नावाने होवो. फेफरं किंवा स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाला उपास-प्रार्थनेच्या नावाखाली औषध बंद करायला लावणाऱ्यांना थांबवणं हे समुपदेशकाचं काम आहे, आणि ते आतल्याच माणसाला जमतं. मार खाणाऱ्या बाईला "क्षमा कर आणि परत जा" म्हणणं हेही तसंच धोक्याचं. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, ख्रिस्ती विवाहाला लागू असणारा १८६९चा घटस्फोट कायदा, त्यात २००१मध्ये आलेली परस्परसंमतीची तरतूद, आणि चर्चच्या न्यायमंडळाने लग्न रद्द ठरवलं तरी दिवाणी कायद्यात ते संपत नाही ही गोष्ट, एवढं तिला ठाऊक हवं. सेमिनरीच्या अभ्यासक्रमात हे क्वचित येतं, मानसशास्त्राच्या वर्गात ख्रिस्ती कायदा येत नाही. स्वतःच शिकावं लागतं.

समुपदेशनासाठी आलेल्या, दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपल्या श्रद्धेकडे वळवण्याचा प्रयत्न करू नये, हेही मला स्पष्ट लिहायचं आहे. तो दुबळ्या अवस्थेत आलेला असतो. त्या अवस्थेचा कसलाही फायदा घेणं व्यवसायाच्या नीतीत बसत नाही आणि सुवार्तेतही बसत नाही. तो लेवा पाटील असो, भिल्ल असो, मुसलमान असो, त्याच्या घरचा देव, त्याचे सण, त्याची अहिराणी किंवा लेवा बोली यांतूनच त्याला बळ मिळणार. बहुतेक प्रशिक्षण इंग्रजीत होतं आणि काम बोलीत करायचं असतं, ही अडचण मोठी आहे. मराठीत मानसिक आरोग्यावर लिहिणं-बोलणं आता चांगलं रुजलं आहे, ठाण्याच्या आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेने १९९०पासून त्यासाठी खूप केलं. ख्रिस्ती समुपदेशनाचं मराठी साहित्य मात्र तुरळक. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल'साठी केले तेवढे कष्ट या क्षेत्रात कोणीतरी घ्यायला हवेत.

तर त्या मुलीला माझा सल्ला असा: आधी मान्य विद्यापीठाचं, वर्गात बसून केलेलं मानसशास्त्राचं एम.ए.; सुट्ट्यांत किंवा नंतर वेल्लोर-लोणावळ्यासारखं किंवा व्हर्बेटिम लिहायला लावणारं प्रशिक्षण; आणि धर्मशास्त्र आयुष्यभर. प्रवेशाआधी संस्थेला विचारावं की पदवी कोणत्या विद्यापीठाची, प्रत्यक्ष माणसांसोबत कामाचे तास किती, आणि त्या तासांवर देखरेख कोण करतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघावं.

तिच्या मंडळीलाही सांगायचं आहे. पाळकाला सेमिनरीत पाठवायला आपण वर्गणी काढतो, तशी तिच्यासाठीही काढावी, आणि परत आल्यावर तिला पगार द्यावा. "सेवा आहे, फुकट कर" म्हणू नये. आणखी एक गोष्ट: खानदेशात सगळ्यांत दुर्मीळ आहे ती प्रशिक्षणानंतरची देखरेख. एकटी काम करणारी समुपदेशक काही वर्षांत थकते किंवा चुकते. पण भुसावळ जंक्शन आहे. जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, मलकापूर, अकोला इथून सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळी परतता येतं. कॅथलिक, अलायन्स, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया असा भेद न करता या पट्ट्यातले पाळक, सिस्टर, शाळांचे समुपदेशक महिन्यातून एका शनिवारी एखाद्या चर्चच्या खोलीत बसू शकतात. नावं बदलून, दोन-दोन नोंदी वाचायच्या, आणि पुण्या-मुंबईचा एखादा अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ फोनवर जोडून घ्यायचा. याला कोणाची परवानगी लागत नाही.